तास फुकट, परीक्षा महाग



या व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘तंत्रज्ञान आणि उच्च शिक्षणाचं भवितव्य’. भविष्य सांगणं माझ्या आवाक्यातलं नाही. माझी सगळी नोकरी अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. रविवारी मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणूनही जायचो. अर्थशास्त्राच्या माणसाला पुढचं विचारलं की तो मागचा हिशेब काढून बसतो. मीही आज तेच करणार आहे. कंटाळा आला तर निःसंकोच उठा. मागच्या दाराने गेलात तर मला दिसणारही नाही.

हिशेब १८५७ पासून मांडावा लागतो. त्या वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा तिथे कुणी काही शिकवत नव्हतं. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेली. शिकवायचं ते कॉलेजांनी. विद्यापीठाने प्रश्नपत्रिका काढायची, उत्तरपत्रिका तपासायच्या, निकाल लावायचा आणि पदवी द्यायची. १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले ते चार जण: रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. विद्यापीठांनी स्वतःही शिकवावं ही मुभा कायद्यात आली १९०४ मध्ये. मुंबईत विद्यापीठाचे स्वतःचे विभाग उभे राहायला आणखी पंधरा वर्षं गेली. पॅट्रिक गेडिस यांचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा. म्हणजे साठेक वर्षं आपलं विद्यापीठ हे निव्वळ परीक्षेचं कार्यालय होतं. नंतर त्याला विभाग आले, प्रयोगशाळा आल्या, वसतिगृहं आली. तरी कणा तोच राहिला. आजही एखाद्या पालकाला विद्यापीठ म्हणजे काय विचारा. ‘पेपर काढतात, निकाल लावतात’ हेच उत्तर मिळेल, आणि ते बरोबर आहे.

त्या चौघांपैकी रानड्यांनी पुढे १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. परीक्षेच्या कार्यालयातून पहिल्याच तुकडीत बाहेर पडलेल्या माणसाने जी शाळा काढली तिला ना हजेरी, ना परीक्षा, ना पदवी. महाराष्ट्रात गावोगाव चालणाऱ्या व्याख्यानमाला त्याच वंशातल्या, आणि आजची ही आपलीही. तुम्ही एवढे लोक हजेरीचे मार्क नसताना आलात, हे माझ्यासारख्या प्राध्यापकाला अजून पचत नाही.

मला आज म्हणायचं आहे ते एवढंच. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे जे तंत्रज्ञान उच्च शिक्षणात आलं, ते बहुतेक शिकवण्याच्या दाराने आलं. रेडिओ, दूरदर्शन, उपग्रह, इंटरनेट, सगळ्यांनी वर्गातला तास घरी नेऊन पोचवला. परीक्षेच्या मूळ रचनेला कुणी हात लावला नाही. म्हणून या प्रत्येकाच्या वेळी क्रांतीची घोषणा झाली आणि कॉलेज होतं तसंच राहिलं. आता जे आलंय, ज्याला आपण एआय म्हणतो, ते परीक्षेच्या दाराने आत शिरलंय. या वेळची गडबड वेगळी आहे ती यासाठी.

आधीच्या गोष्टी भराभर सांगतो. इंग्लंडमध्ये १९६९ ला ओपन युनिव्हर्सिटी स्थापन झाली आणि बीबीसीवरून तिचे पाठ लागायला लागले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. आमच्यातले काही जण ते स्टाफरूममध्ये बघायचे. कार्यक्रम सुरेख असायचे, बहुतेक इंग्रजीत, आणि दुपारी. त्या वेळी आमच्याकडे लाइट असेलच याचा भरवसा नसे. २००४ मध्ये खास शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट हा उपग्रह आकाशात गेला. त्याच्या छत्र्या कित्येक कॉलेजांच्या गच्चीवर दिसायच्या. काहींवर आता कबुतरं बसतात. यापेक्षा जास्त त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

मुक्त विद्यापीठाबद्दल मात्र मला जरा थांबून बोलायचंय. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला १९८९ मध्ये सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. पुणे विद्यापीठाचं कुलगुरुपद करून आलेला हा माणूस. पुढे दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचं ब्रीद. बारावी न झालेल्यांसाठी त्यांनी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढला. तो झाला की पदवीचं दार उघडं. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या किती बायकांनी आणि किती शिपाई-कंडक्टरांनी त्या दारातून पाय आत टाकला, ते त्या काळात अभ्यासकेंद्रावर बसलेल्या कुणालाही विचारा.

तिथे तंत्रज्ञान होतंच. ध्वनिफिती होत्या, चित्रफिती होत्या. पण केंद्रावर येणारा माणूस यायचा तो दोन गोष्टींसाठी: साध्या मराठीत लिहिलेलं पुस्तक आणि रविवारचं संपर्क सत्र. पुस्तकाच्या समासात रिकामी जागा सोडलेली असे, मधे मधे प्रश्न असत, स्वतःशी बोलत वाचावं अशी बांधणी. आणि रविवारी समंत्रक, म्हणजे आम्ही.

एका रविवारची गोष्ट सांगतो. मागणीची लवचिकता शिकवत होतो. समोर वीसेक जण. दोन अंगणवाडी सेविका, एक पोलीस, पंचायत समितीतले दोघे कारकून, आणि मागच्या बाकावर ड्युटीवरून थेट आलेला एसटीचा कंडक्टर, खाकीतच. बाहेर व्हरांड्यात एक सासूबाई नातवाला घेऊन बसलेल्या, कारण सून आत होती. मी फळ्यावर वक्र काढला, मार्शलचं नाव घेतलं, किंमत वाढली तर मागणी किती टक्क्यांनी घटते वगैरे. चेहऱ्यांवर काही उमटेना. मग कंडक्टर म्हणाला, “सर, म्हणजे भाडेवाढ झाल्यावर होतं तसं. लांबचा पॅसेंजर कुठं जातोय? तो बसतोच. जवळचा मात्र वडापच्या जीपला पळतो.” मी खडू खाली ठेवला. पर्याय जवळ असेल तिथे मागणी लवचिक, नसेल तिथे ताठर, हा सगळा धडा त्याने दोन वाक्यांत सांगितला होता. मग अंगणवाडीच्या बाई गॅसच्या सिलिंडरवर आल्या, पोलीस चहाच्या किमतीवर आला. तास कसा संपला कळलंच नाही.

निघताना कंडक्टर माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “सर, पेपरात वडाप लिहिलं तर मार्क कापतील ना?”

मी काय सांगणार? कापतील, हे त्याला माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. त्याने गाइडातली व्याख्या पाठ केली, मार्शलच्या स्पेलिंगसकट, आणि पास झाला. त्याला जे खरोखर कळलं होतं ते कुठल्याही उत्तरपत्रिकेत नाही. उत्तरपत्रिकेत आहे ते त्याचं नाही.

पुढची सगळी कहाणी या एका प्रसंगात बसते असं मला वाटतं. शिकवणं कितीही जिवंत झालं तरी शेवटी पास करायचं ते गाइडातल्या उत्तरालाच. विद्यार्थी हे शिक्षकांच्या कितीतरी आधी ओळखतात, आणि त्याप्रमाणे आपली मेहनत बेतून घेतात. त्यांना आळशी म्हणणाऱ्यांनी एकदा तरी आपल्या विषयाचे पाच वर्षांचे पेपर समोर मांडून बघावेत.

आता इंटरनेटकडे येतो. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या सबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट खुला केला. सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नाव नोंदवलं. लगेच पुढच्या वर्षी उडॅसिटी, कोर्सेरा, एडेक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मंच निघाले. आता काही वर्षांत जगात मोजकी विद्यापीठं उरतील, असं बोललं जाऊ लागलं. आमच्याकडेही परिसंवाद झाले, चहापाण्यासकट. २०१३ मध्ये उडॅसिटीने सॅन होजेच्या सरकारी विद्यापीठात साध्या, कच्च्या तयारीच्या विद्यार्थ्यांवर हा प्रयोग केला. इतके नापास झाले की काही महिन्यांत तो थांबवावा लागला. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडेक्सवरच्या अभ्यासक्रमांचा हिशेब २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला: २०१७-१८ मध्ये नाव घालणाऱ्या शंभरातल्या जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केलेला. पुढे एडेक्स ८० कोटी डॉलरला विकलं गेलं, आणि ज्या कंपनीने ते घेतलं ती २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली.

आपल्याकडची वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ पासून एनपीटीईएल ही ऑनलाइन व्याख्यानांची सोय चालवलीय. इंजिनिअरिंगच्या कुठल्याही मुलाला विचारा, सबमिशनच्या आदल्या रात्री त्याने कुणाचं ऐकलं होतं. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हा सरकारी ऑनलाइन मंच आला. पदवीच्या श्रेयांकांपैकी ४० टक्क्यांपर्यंत तिथून मिळवता येतील, असं अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ठरवलं. पण एनपीटीईएलचं गणित बघा. व्याख्यानं फुकट. दर आठवड्याचे स्वाध्याय फुकट, त्यांना एकूण गुणांत वजन पंचवीस टक्के. उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांसाठी तुम्ही केंद्रावर जायचं, ओळखपत्र दाखवायचं, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली पेपर द्यायचा, आणि त्याची फी वर्षानुवर्षं हजार रुपये. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये प्रोग्रॅमिंग आणि डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी काढली, जेईई नसलेल्यांसाठीसुद्धा. धडे घरी, परीक्षा केंद्रावर. त्या पदवीला बाजारात जे वजन आहे ते या दुसऱ्या अर्ध्यामुळे.

बाजार कशाचे पैसे देतो ते इथे उघड होतं. देशातल्या उत्तम प्राध्यापकाचा तास आज फुकट आहे. त्याने शिकवलेलं तुम्हाला आलंय, हे कुणीतरी जबाबदारीने सांगणं, हे मात्र महाग आहे. १८५७ मध्ये लंडनहून आणलेला नमुना या बाबतीत चुकीचा नव्हता; विद्यापीठाचा खरा माल हाच आहे. प्रश्न एवढाच की तो माल आपण कसा तयार करतो.

तो कसा तयार होतो हे दोनदा जगजाहीर झालंय. पहिल्यांदा २०१७ मध्ये. मुंबई विद्यापीठाने त्या उन्हाळ्यात सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासायचं ठरवलं. निर्णय परीक्षांच्या तोंडावर झाला. जवळजवळ सतरा लाख उत्तरपत्रिका. प्राध्यापकांना लॉगइन होईना, पुरवण्या एकीकडे आणि मुख्य पत्रिका भलतीकडे, काही तर सापडेचनात. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, ती टळली. परदेशी निघालेल्या, पुढच्या प्रवेशासाठी रांगेत असलेल्या मुलांचे हाल झाले, आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पद सोडावं लागलं. त्या वेळी सगळा राग यंत्रावर निघाला. मला त्या यंत्राचं काही विशेष वाटत नाही. वर्ष-दोन वर्षं हळूहळू घेतलं असतं तर ते नीट चाललंही असतं. मला प्रश्न पडतो तो सतरा लाखांचा. सातशेच्या वर कॉलेजांतल्या मुलांनी लिहिलेलं सगळं एका ठिकाणी आणून, ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही अशांकडून, पेपरमागे काही मिनिटांत तपासून घ्यायचं, ही रचनाच मुळात कारखान्याची आहे. तिथे संगणक आला काय आणि न आला काय.

दुसरी वेळ करोनाची. शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही यावर राज्य सरकार आणि अनुदान आयोग यांच्यात ओढाताण झाली, आणि २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. वर्ग बंद होते, प्रयोगशाळा बंद होत्या, वसतिगृहं रिकामी. या सगळ्याशिवाय पदवी मिळू शकत होती. परीक्षेशिवाय नाही. मग बहुपर्यायी प्रश्न मोबाइलवर आले. रेंज मिळावी म्हणून मुलं टेकडीवर गेली, हे खरं. आणि एका खोलीत पाच जण बसून एकमेकांना ‘तिसऱ्याचं बी’ सांगत होते, हेही खरं. निकाल भरघोस लागले. त्या मुलांच्या कपाळावर ‘कोविड बॅच’ हा शिक्का बसला तो आपल्या आळसामुळे. त्यांचा त्यात काही दोष नव्हता.

एवढी पार्श्वभूमी मनात ठेवून चॅटजीपीटीकडे बघा. ३० नोव्हेंबर २०२२ ला ते लोकांसमोर आलं. वर्षभरात आमच्या तालुक्याच्या कॉलेजात असाइनमेंट एकाएकी सुवाच्य, मुद्देसूद आणि सारख्या दिसू लागल्या. स्टाफरूममध्ये हलकल्लोळ. मला गंमत वाटली. आमच्याकडे जर्नल कधी स्वतः लिहिलं जायचं? वर्गातल्या एका हुशार मुलीची वही सगळ्या वर्गात फिरायची, आणि परत येईपर्यंत तिचं कव्हर चहाने रंगलेलं असायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानासमोर किती गर्दी असते आणि ‘मायक्रो’ मागितलं की दुकानदार किती गंभीरपणे कागद बारीक करून देतो, ते या गावातल्या प्रत्येकाने पाहिलंय. उसनं उत्तर ही आपली जुनी व्यवस्था आहे. यंत्राने ते फक्त फुकट, चटकन आणि दर माणशी वेगळं करून दिलं.

अस्वस्थ व्हायचं कारण दुसरं आहे. आमच्या परीक्षेला ज्या प्रकारचं उत्तर हवं असतं, प्रस्तावना, व्याख्या, सहा मुद्दे, समारोप, अगदी तसंच उत्तर हे यंत्र सगळ्यात झकास लिहितं. आपण दीडशे वर्षं मुलांकडून जे करून घेत होतो ते यंत्रालाच शोभणारं काम होतं, हे आता यंत्र आल्यावर कळतंय. कंडक्टरचं वडाप ते स्वतःहून लिहिणार नाही. पण वडापला आपण मार्कच ठेवले नव्हते.

चोर पकडणारी दुसरी यंत्रं आणू, असं काही विद्यापीठांनी ठरवलं. ओपनएआयने स्वतःच काढलेलं असं एक यंत्र जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, ते पुरेसं अचूक नाही म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात यंत्रं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा मुलांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांना घातले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेत असं ठरलं. कारण उघड आहे. ज्याचा शब्दसाठा थोडा, वाक्यं साधी, त्याचं लिखाण या यंत्रांना यंत्रासारखं वाटतं. मराठी माध्यमातून येऊन कसंबसं इंग्रजी लिहिणारी आपली मुलं या गाळणीत सगळ्यात आधी अडकतील. असलं यंत्र विकत घेण्यापूर्वी खरेदी समितीने हा आकडा तरी वाचावा.

एवढं बोलल्यावर तुम्हाला वाटेल म्हातारा यंत्राविरुद्ध आहे. नाही. आमच्या ओळखीतली एक मुलगी, आई भाजी विकते, ती संख्याशास्त्र शिकते. रात्री जेवणं झाल्यावर ती मोबाइलवर मराठीत विचारते, ‘प्रमाण विचलन म्हणजे काय, अजून सोपं करून सांग.’ यंत्र सांगतं. ती म्हणते, ‘अजून सोपं.’ ते परत सांगतं, भाजीच्या भावांचं उदाहरण घेऊन. वर्गात तिने तिसऱ्यांदा हात वर केला असता का? मी वर्गात होतो, मला उत्तर माहीत आहे. तिच्या घराण्यात विचारायला दुसरं कुणी नाही. शहरातल्या, शिकल्या घरातल्या मुलाला काका असतो, मावशी असते, शिकवणी असते. १९८४ मध्ये बेंजामिन ब्लूम यांनी लिहिलं होतं की एका विद्यार्थ्याला एक शिक्षक मिळाला तर सरासरी मुलगा नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या प्रयोगांत एवढा मोठा फरक दिसला नाही, पण फरक पडतो हे कुणी नाकारलं नाही. ती चैन आजवर पैशावाल्यांची होती.

मात्र याला दुसरी बाजू आहे. तुर्कस्तानात शाळेच्या वरच्या वर्गांतल्या जवळजवळ हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला. ज्यांना साधं चॅटजीपीटीसारखं यंत्र दिलं त्यांनी सराव करताना ४८ टक्के जास्त चांगली कामगिरी केली. मग यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ते कधी दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ही मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. तिसऱ्या गटाच्या यंत्राला सांगून ठेवलं होतं की उत्तर द्यायचं नाही, फक्त हिंट द्यायच्या. त्या गटात हे नुकसान जवळपास दिसलं नाही. भाजीवालीची मुलगी ‘सोपं करून सांग’ म्हणते की ‘लिहून दे’ म्हणते, यावर सगळं अवलंबून. आणि ती यातलं काय म्हणेल हे ठरतं शेवटी तिची परीक्षा कशी होणार आहे त्यावर. आपण घरी लिहून आणलेल्या कागदाला मार्क देत राहिलो तर ती शहाणी मुलगी ‘लिहून दे’च म्हणेल. मीही म्हटलं असतं.

मग करायचं काय? बोलतं करावं लागेल. मुलाला समोर बसवून विचारावं लागेल: हे तू लिहिलंस, ठीक, आता तुझ्या गावच्या बाजारातलं उदाहरण दे. हा आकडा बदलला तर काय होईल? तोंडी परीक्षा आपल्याला नवी नाही. पण तिची जी थट्टा आपण केलीय ती सगळ्यांना ठाऊक आहे. एक्स्टर्नल येणार, मुख्य चिंता त्याच्या जेवणाची, मुलांना नाव-गाव विचारून पंचवीसपैकी बावीस.

आणि इथे मला एक गंभीर गोष्ट सांगायलाच हवी, कारण तोंडी परीक्षेचे भक्त ती विसरतात. लेखी परीक्षा कितीही पोपटपंचीची असली तरी तिच्यात एक मोठा न्याय होता. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, आडनाव नसतं, आसनक्रमांक असतो. तपासणाऱ्याला मुलगा कुठल्या आळीतला, मुलगी कुणाची, बोली कोणती, हे कळत नाही. खालच्या म्हणून हिणवलेल्या जातींतल्या आणि बायकांच्या कितीतरी पिढ्यांना जे मार्क मिळाले ते या पडद्यामुळे मिळाले. समोर बसवून विचारलं असतं तर त्यातल्या किती जणांना ‘आवाज बारीक आहे’, ‘उच्चार नीट नाहीत’ म्हणून खाली बसवलं असतं, याची कल्पना करा. इंटर्नलच्या मार्कांत आजही काय काय होतं, ते मी या व्यासपीठावरून सांगायची गरज नाही.

म्हणून तंत्रज्ञान आणायचं असेल तर मी ते इथे आणीन. तोंडी परीक्षा ध्वनिमुद्रित करा. दोन परीक्षक ठेवा, दुसरा बाहेरचा. मार्क पटले नाहीत तर जसं आज रिव्हॅल्युएशन होतं तसं ती ध्वनिफीत तिसऱ्याकडे जाईल, नाव-गाव कापून, हवं तर आवाज बदलून. हे सगळं आज मोबाइलवर होतं. परीक्षकाला कळेल की आपण काय विचारलं हेही ऐकलं जाणार आहे. विद्यार्थ्यापेक्षा परीक्षकावर नजर ठेवणारं तंत्रज्ञान आपल्याकडे आजवर कुणी मागितलेलं नाही, याचं मला थोडं आश्चर्य वाटतं.

यावर पहिला आक्षेप येतो वेळेचा, आणि तो खरा आहे. मी अर्थशास्त्राचा, तर आकडेच मांडतो. साठ मुलांचा वर्ग, दर मुलामागे पंधरा मिनिटं: नऊशे मिनिटं, म्हणजे पंधरा तास. दोन परीक्षक धरले तर तीस तासांचं मनुष्यबळ, एका पेपरसाठी. प्रत्येक विषयाच्या प्रत्येक पेपरला हे झेपणार नाही. पण आठवड्याला चार तास व्याख्यानं धरली तर सत्रात साठेक होतात. त्यातला निम्मा मजकूर आज कुणा ना कुणा उत्तम माणसाने सांगून ठेवलेला आहे, मुलं तो घरी ऐकू शकतात. तिथून वाचलेले तीस तास बोलण्यात घाला. हिशेब बसतो.

बसत नाही तो दुसरीकडे. तास आहेत, माणूस नाही. आपल्या कॉलेजांतल्या कितीतरी विभागांत एक कायम प्राध्यापक आणि बाकी तासिका तत्त्वावरचे, आपण ज्यांना सीएचबी म्हणतो. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. उन्हाळ्यात काही नाही. पीएचडी, नेट, सेट झालेली ही मंडळी दोन-तीन कॉलेजांत एसटीने पळत तास घेतात, आणि ज्या मुलाला पंधरा मिनिटं बोलतं करायचं त्याचं नाव त्यांना माहीत असण्याची शक्यता कमी. व्याख्यान रेकॉर्डिंगवर गेलं तर या माणसाचा तास जाईल, म्हणजे त्याची भाकरी जाईल. संस्थाचालकांना नेमका हाच भाग आवडेल, ही मला खरी भीती आहे. वर्गात पडदा लावून दोनशे मुलं बसवायची आणि प्राध्यापक कमी करायचे, याला ‘डिजिटल कॅम्पस’ म्हणून नॅकच्या अहवालात चार फोटो मिळतात. वाचलेला तास त्याच शिक्षकाला तोंडी परीक्षेसाठी आणि मुलांशी बोलण्यासाठी देणार, आणि त्याचे पैसे देणार, असं लेखी ठरल्याशिवाय कुठल्याही कॉलेजाने रेकॉर्डिंगचा रस्ता धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरकारचाही यात एक आकडा आहे. २०२१-२२ च्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे देशात ४ कोटी ३३ लाख मुलं उच्च शिक्षणात होती, आणि अठरा ते तेवीस वयोगटाशी त्यांचं प्रमाण पडत होतं २८.४ टक्के. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाला ते २०३५ पर्यंत ५० टक्के करायचंय. एवढ्या इमारती आणि एवढे प्राध्यापक कुणी देणार नाही, तेव्हा हा वाढीव भार ऑनलाइनवरच टाकला जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्यातली बहुतेक मुलं कंडक्टरच्या आणि भाजीवालीच्या घरची असतील. त्यांना नुसता पडदा द्यायचा की रविवारचं संपर्क सत्रही द्यायचं, हे पुढच्या दहा वर्षांत ठरेल.

त्याच धोरणात आणखी एक कलम आहे, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही: पंधरा वर्षांत संलग्नता टप्प्याटप्प्याने संपवायची. विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि कॉलेजाने शिकवायचं, ही १८५७ ची वाटणी कागदावर तरी मोडीत निघाली आहे. स्वायत्त कॉलेज आपला पेपर आपण काढू शकतं. पण स्वायत्त झालेल्या कॉलेजांचे पेपर बघितलेत तर तेच ते, ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन’. हातात पेन आलं तरी अक्षर विद्यापीठाचंच.

आपल्या जवळच्या एका कॉलेजाने स्वायत्ततेसाठी तयारी चालवलीय. मी प्राचार्यांना म्हटलं, तिसऱ्या वर्षाचा एक पेपर असा करून बघा: बाजारात जाऊन लिहायचा अहवाल, यंत्राची मदत खुशाल घेऊ दे, आणि त्यावर पंधरा मिनिटं तोंडी, ध्वनिमुद्रित. ते विचारात पडले. म्हणाले, “सर, कल्पना छान आहे. पण आमच्या विभागात कायम माणूस एकच. दुसरा परीक्षक आणायचा कुठून?” मी म्हटलं, “शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजातून. तिथेही एकच आहे, आणि त्यालाही दुसरा हवाच असणार.” त्यांनी तिथल्या तिथे त्या कॉलेजात फोन लावला.